विड्यांवरचा जप

अप्पा सोलापूरच्या गिरणीत पिंजण खात्यात होते. कापसाची धूळ वर्षानुवर्षं छातीत बसत गेली, आणि मी मॅट्रिकला असताना एक दिवस ते पाळी अर्धवट सोडून घरी आले, ते पुन्हा गेलेच नाहीत. त्यानंतर आमची एक खोली, खोलीत एक बाज आणि बाजेवर अप्पा. मोरीपर्यंत चालत गेले तरी त्यांच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायचा. घर अव्वाच्या, म्हणजे आईच्या, हातांवर चालायचं. ती विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात भिजवलेली पानं. मीही शाळेत असल्यापासून तिच्यासमोर दुसरं सूप घेऊन बसायचे. दोघींत मिळून रोजच्या हजार विड्या. त्यातल्या पन्नास तरी कारखान्याचा चेकर छाट म्हणून बाजूला टाकायचा, आणि त्याच्याशी भांडायची सोय नव्हती.

जेवायला ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी. कॉलेजला नेसायला मला एकच पातळ होतं. संध्याकाळी धुवायचं आणि सकाळी दमटच नेसून निघायचं. सात रस्त्याचा चौक येईतो ते अंगावर वाळायचं. वर्गात मी शेवटच्या बाकावर एकटी बसायचे, कारण माझ्या हातांना तंबाखूचा वास यायचा. हे लिहायची आज मला लाज वाटत नाही. तेव्हा वाटायची.

मुलीचं कॉलेज भावकीत कुणाला पसंत नव्हतं. वळसंगचे चुलते आले की बाजेजवळ बसून अप्पांना टोचायचे, "पोरगी काय बॅरिष्टर हुनार हाय व्हय? तू हितं असा पडलायस. हात पिवळे कर की."

शेवटच्या वर्षाला होते तेव्हा अप्पांनी एकदा सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "एकच डाव. बी.ए.ची परीक्षा ती एकदाच देनार. पास झाली तर ती म्हनंल तसं. नापास झाली तर तुमी आनाल त्या पोराला देतो. जा आता."

अप्पा शब्द फिरवणारे नव्हते. त्यामुळे त्या वर्षी माझं जे काही व्हायचं होतं ते एप्रिलातल्या सात पेपरांवर होणार होतं, हे मला, चुलत्यांना आणि सगळ्या चाळीला माहीत होतं.

चाळीत दोन खोल्या सोडून आत्या राहायची. अप्पांची थोरली बहीण. लहान वयात विधवा झालेली, कपाळाला विभूती, सगळे उपास पाठ. तिनंच अव्वाच्या मागं लागून माझे सोळा सोमवार सुरू करवले. चांगला नवरा मिळावा म्हणून. मार्गशीर्षातल्या पहिल्या सोमवारी पहाटे तिनं मला पाटावर बसवलं, तळहातावर पाणी, अक्षता आणि बेलाचं पान दिलं आणि म्हणाली, "आता मनात माग. वठावर आनू नको."

मी मनात म्हटलं, महादेवा, मला बी.ए. पास कर. आणि पाणी ताम्हनात सोडलं. आत्या समाधानानं हसली. त्या क्षणापासून मला भीती वाटायला लागली. आपण थोरल्या माणसाला फसवलं आणि तेही देवासमोर बसून, असं वाटत राहिलं.

व्रताचे नियम आत्यानं घालून दिले. दिवसभर काही खायचं नाही. संध्याकाळी आंघोळ करून पूजा, गव्हाचं पीठ, तूप आणि गूळ घालून केलेल्या चूर्म्याचा नैवेद्य. त्याचे तीन वाटे, एक देवाला, एक लोकांना, एक घरच्यांनी खायचा. मीठ नाही. आणि दिवसभरात 'ॐ नमः शिवाय'च्या पाच माळा. तिनं मला स्वतःची रुद्राक्षाची माळ दिली.

सकाळी कॉलेज, दुपारपासून विड्या, मध्ये नळाचं पाणी भरणं, मग पूजा, मग अभ्यास. माळ घेऊन बसायचं कधी? पहिल्याच सोमवारी माझ्या डोक्यात हिशेब आला. मी दिवसाला पाचशेच्या वर विड्या वळायचे. एका विडीला एक नाव घेतलं तर? पंचवीस विड्यांचा एक कट्टा. चार कट्टे आणि वर आठ विड्या झाल्या की एक माळ. पाचशे चाळीस विड्या म्हणजे पाच माळा. पान ठेवायचं, तंबाखू भरायची, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा, आणि एवढ्यात 'ॐ नमः शिवाय' अगदी बरोबर बसायचं. ओठ आपोआप हलायचे. माळ पेटीत पडून राहिली. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

असे आठ सोमवार गेले. नवव्या सोमवारी, संक्रांतीतली गड्ड्याची जत्रा नुकतीच उठली होती, दुपारी आत्या पूजेसाठी बेल घेऊन आली. अव्वा कारखान्यात माल द्यायला गेली होती. अप्पांचा डोळा लागला होता. आत्या दारातच थांबली आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

"काय बडबडायलीस गं?"

"जप, आत्या. तीन माळा झाल्या आज."

"माळ कुटं हाय?"

मी तिला शेजारी रचलेले कट्टे दाखवले. चार आणि आठाचा हिशेबही सांगितला. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं मला.

आत्यानं हातातला बेल पटकन पदराआड घेतला. जणू तंबाखू उडून त्याला चिकटणार होती.

"पयल्या सोमवारपासनं असंच?"

"व्हय."

ती उंबऱ्यावर बसली. रागावली असती तर बरं झालं असतं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"अगं बया, त्या इड्या जात्यात कुटं? गुत्त्यात जात्यात. मुतारीच्या भिताडाला उभारून लोक वढत्यात. देवाचं नाव तू पानात गुंडाळलंस आन् लोकांनी त्याला काडी लावली. आन् थुकली वरनं."

मग तिनं जे सांगितलं ते आमच्या घरात आधी कधी कुणी बोललेलं नव्हतं. तिचे यजमान आजारी असताना तिनं हेच सोळा सोमवार धरले होते. सातव्या सोमवारी घरात पाहुणे होते. आमटी ढवळताना सवयीनं तिनं मीठ बघायला बोट चाटलं. "बोट, पोरी. निस्तं बोट. घोट न्हाई घेतला." बारा दिवसांनी ते गेले. "म्या त्यास्नी जितं ऱ्हाऊ दे म्हनलं हुतं. व्रत चुकलं की मागितल्यालं उलटं फळतं. तू आता पयल्यापासनं धर. सोळाच्या सोळा."

जाताना ती रडत होती. माझ्या नवऱ्यासाठी रडत होती बिचारी. मी नवरा मागितलेलाच नाही हे तिला कसं सांगणार?

मी मात्र मनात मोजून पाहिलं. पहिल्यापासून सोळा म्हणजे मे महिना संपणार. परीक्षा एप्रिलात. तोवर व्रत अर्धंच. आणि मी मागितलं होतं पास होणं. ते उलटं फळलं तर काय होणार, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजला जाताना कोपऱ्यावर एक टांगेवाला विडी पेटवत होता. त्यानं काडी ओढली. मी रस्ता ओलांडून पलीकडून गेले. पलीकडं दुसरा एक जण ओढत उभा होता. सोलापुरात विडी न ओढणारा माणूस शोधावा लागायचा तेव्हा. नवव्या सोमवारपर्यंत मी साडेचार हजारांवर विड्या वळल्या होत्या नाव घेऊन. त्या कुठं कुठं जळत असतील, याचा विचार वर्गात, रस्त्यात, जेवताना चालू राहिला. धुराचा वास आला की मी पदर नाकाला लावायचे. वर्गातल्या मुलींना वाटे, ही आता शिष्ट झाली.

पुढच्या सोमवारी मी पहाटे उठून माळ घेऊन पाटावर बसले, नीट पाच माळा केल्या. वाटलं, निदान इथून पुढं तरी शुद्ध. पण दुपारी सूप मांडीवर घेतलं, पहिलं पान उचललं आणि तोंडात नाव आलं. मी आणलं नाही, ते आलं. नऊ आठवड्यांची सवय. बोटं हलली की ओठ हलायचे. मी ओठ दाताखाली धरले तर बोटं अडखळायला लागली. विड्या सैल होऊ लागल्या. मी पदराचा बोळा तोंडात धरला. अव्वानं एकदा बघितलं. त्या आठवड्यात चेकरनं माझ्या दीडशे विड्या छाट काढल्या.

उपास चालूच ठेवला. पण संध्याकाळी चूर्मा तोंडात घालताना हा दहावा सोमवार आहे की पहिला, हे मलाच ठाऊक नसायचं. आत्या पूजेला यायची बंद झाली होती. तिचा वाटा मी तिच्या दारात ठेवून यायचे.

फेब्रुवारीच्या अखेरीला कॉलेजची पूर्वपरीक्षा झाली. अर्थशास्त्राचा पेपर. प्रश्न मला येत होते. मी पेन उघडलं, उत्तराची पहिली ओळ लिहिली. हात हलला, आणि तोंडात ते आलं. मी घाबरून ओठ घट्ट मिटले. हात थांबला. पुन्हा लिहायला घेतलं, पुन्हा तेच. आता इथं नाव घेतलं तर कुठला दोष लागेल, आणि न घेता लिहिता येईना तर काय करायचं? तीन तासांत मी दीड प्रश्न लिहिला. बाकी पानं कोरी.

दोन विषयांत नापास झाले. अर्थशास्त्राच्या सरांनी स्टाफरूमच्या बाहेर बोलावलं. "तुम्ही हुशार आहात. काय झालं हे? असंच असेल तर यंदा बसू नका. पुढच्या वर्षी बघू."

मला पुढचं वर्ष नव्हतं. पण हे सरांना काय सांगायचं? मी 'हो सर' म्हटलं आणि घरी आले. वाटेत माझी खात्रीच झाली, उलटं फळायला सुरुवात झाली.

त्या दुपारी अव्वासमोर सूप घेऊन बसले आणि सगळं ओकले. विड्यांवरचा जप, आत्याचं बोलणं, कोरा पेपर, सगळं. शेवटी संकल्पाचंही.

अव्वाचे हात चालूच होते. "म्हंजे नवरा मागितलाच न्हाईस?"

"न्हाई."

"बी.ए. मागितलंस?"

"व्हय."

"शिवा शिवा," ती म्हणाली. तिला हसू आलं होतं की धक्का बसला होता, मला कळलं नाही. एक विडी तिनं पुरी केली, तोंड दुमडलं, दोरा तोडला. मग विचारलं, "माजं त्वांड बगितलंयस कदी?"

"म्हणजे?"

"ह्या सुपावर बसल्यावर माजं त्वांड हलतंय की न्हाई? पंचवीस वर्सं झाली. तुला काय वाटलं, तंबाकू चगळती मी? सकाळी उटून चूल, मग ह्ये. देवापुडं बसाया मला पाट कुनी दिलाय? जे म्हनले ते हितंच म्हनले. तुज्या वक्ताला बाळंतपन अडलं हुतं, तवाबी हितंच. अप्पाच्या छातीसाटीबी हितंच. ते सगळं जळून गेलं असंल तर म्या जल्मात देवाला काईच म्हनलं न्हाई, असं हुतंय की मग."

मला वाटलं होतं, बाजेवर अप्पा झोपलेत. ते खोकले आणि म्हणाले, "म्हंजे सोलापुरातले समदे बेवडे कैलासाला चाललेत म्हना की. दोगी मायलेकींनी फुकटात तिकीट काडलंय त्यांचं."

"साकु, साकु," अव्वा म्हणाली. पुरे आता, म्हणजे. तिला राग आला की ती कानडीत जायची. अप्पा हसायला लागले आणि हसता हसता त्यांना उबळ आली, मग मी पाणी घेऊन धावले.

इथं मला धीर आला असं लिहिलं असतं तर वाचायला बरं वाटलं असतं. धीर आला नाही. अव्वाचं खरं मानावं तर आत्याचं खोटं ठरत होतं, आणि आत्याचा तर नवरा गेला होता. मी एवढंच ठरवलं की मोजणी मोडायची नाही. तो तेरावा सोमवार होता, तर तेरावाच. आणि तोंड दाबून धरायचं नाही, कारण त्यानं विड्याही बिघडत होत्या आणि पेपरही. परीक्षेचा फॉर्म मी शेवटच्या दिवशी भरला. सही करताना ओठ हलत होते.

सतराव्या सोमवारी उद्यापन केलं. परीक्षा चार दिवसांवर होती. चाळीतल्या बायका आल्या. सगळ्यांत शेवटी आत्या आली आणि दाराला टेकून उभी राहिली. मी चूर्मा घेऊन तिच्यासमोर गेले. तिची अडचण मला समजत होती. माझं व्रत तिच्या लेखी बाटलेलं, त्याचा प्रसाद खायचा कसा? आणि सोळा सोमवारचा प्रसाद नाकारायचा नसतो, नाकारणाऱ्याचं वाईट होतं, हे तिनंच मला शिकवलेलं. तिनं हात पुढं केला. मी चूर्मा ठेवला. हात इतका कापत होता की अर्धा खाली सांडला. तिनं उरलेला तोंडात टाकला, डोळे मिटले, आणि मग खाली वाकून सांडलेला कण अन् कण बोटानं टिपून खाल्ला. तशीच घरी गेली. मला वाटलं, आता दोघींचं काय व्हायचं ते एकदमच होईल.

अर्थशास्त्राचा पेपर तिसरा होता. पहिले दोन कसेबसे गेले होते. पंचवार्षिक योजनांवरचा प्रश्न मी धरला. हात हलला, नाव आलं, मी येऊ दिलं. भीती तशीच होती. फक्त तिच्यासकट लिहायला लागले. दोन पानं झाली, तीन झाली. मग माझ्या बाकावर सावली पडली.

पर्यवेक्षक बाहेरच्या कॉलेजचे होते. "काय चाललंय? पुढच्या मुलीला काय सांगताय?"

"काही नाही, सर."

"मी दहा मिनिटं बघतोय. ओठ हलतायत तुमचे. तोंड उघडा."

मी तोंड उघडलं. त्यांना वाटलं असावं, चिठ्ठी आहे. सगळा वर्ग वळून बघायला लागला. त्यांनी माझी उत्तरपत्रिका उचलून हातात घेतली. हेच ते, मी मनात म्हटलं. आता बाहेर काढणार.

"काय म्हणत होता?"

"ॐ नमः शिवाय, सर."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. सर हसले नाहीत. "मग मनात म्हणा की."

"मनात म्हटलं की हात थांबतो, सर. मी विड्या वळते. तशी सवय लागलीय."

त्यांनी माझ्या बोटांकडं पाहिलं. तंबाखूनं पिवळी झालेली, दोऱ्यानं कापलेली. मी ती लपवली नाहीत. उत्तरपत्रिका चाळली आणि मला परत दिली. मग म्हणाले, "उठा. त्या कोपऱ्यात बसा, भिंतीकडं तोंड करून. तिथं काय म्हणायचं ते म्हणा. आवाज आला तर मात्र बाहेर काढीन."

मी कोपऱ्यात जाऊन बसले. घड्याळ पाठीमागं होतं, वेळ कळत नव्हता. पाय बाकाच्या दांडीला अडकवून ठेवले. तोंड चालू होतं आणि हात चालू होता. घंटा झाली तेव्हा मी पाचव्या प्रश्नाच्या अखेरच्या परिच्छेदात होते. तो राहिला. बाकी सगळं लिहून झालं होतं. उरलेले चारही पेपर मी त्याच कोपऱ्यात दिले.

निकाल लागेपर्यंत दोन महिने मी दर सोमवारी नेमानं घाबरले. चुलते दोनदा येऊन गेले. दुसऱ्या खेपेला अक्कलकोटच्या एका मुलाची पत्रिकाच घेऊन आले आणि ती अप्पांच्या उशाशी ठेवून गेले.

जूनमध्ये निकाल लागला. कॉलेजच्या फळ्यावर मी माझा नंबर तीन वेळा वाचला आणि मग शेजारच्या मुलीला वाचायला लावला. मी बी.ए. झाले, सेकंड क्लासमध्ये. अप्पांच्या आणि अव्वाच्या, दोन्ही घराण्यांत मिळून पदवी घेतलेलं मी पहिलं माणूस.